उत्तराची वाट पाहणाऱ्या मंदा मॅडम

आधी तक्रार. नमस्कार मागून घालते.

मंदा मॅडमांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ काढणाऱ्या मंडळींनी मला लिहायला सांगितलं नव्हतं, सही करायला सांगितलं होतं. समितीचे दोन गुरुजी घरी आले, चहा प्यायले आणि टाईप केलेला कागद पुढे केला. म्हणाले, "आजी, तुमच्या नावानं लेख तयार करून आणला. खाली सही करा, बस." मी चौथी शिकलेली आहे. चौथी म्हणजे फार नाही, पण वाचता येते. त्या कागदात माझे डोळे तीन वेळा पाणावले होते, मॅडम वात्सल्याचा झरा झाल्या होत्या आणि माझी नात देवाघरचं फूल झाली होती. मी म्हटलं, "गुरुजी, माह्या डोळ्याचं आपरेशन झालं, आता पाणी येत नाई. अन् पोरगी फूल नोहे, तिचं नाव वैशाली हाये." गुरुजी म्हणाले, "तुमाले तरास नको म्हणून केलं वो, आजी." तरास माझा मी पाहून घेईन. अक्षराच्या चुका त्यांनी खुशाल दुरुस्त कराव्या, वाक्याला हात लावू नये.

आता सगळ्यांना नमस्कार.

मंदा मॅडमांचं पूर्ण नाव आणि शिक्षण या पुस्तकाच्या पहिल्या पानावर असेलच, ते मी पुन्हा लिहीत नाही. त्या विशेष शिक्षिका. म्हणजे एका शाळेच्या नाहीत. ज्या पोरांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता-बोलता येत नाही, ती पोरं ज्या ज्या गावच्या शाळेत असतील तिथे स्कुटीनं जायचं, पोराला शिकवायचं, आणि त्याच्या गुरुजींनाही शिकवायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण.

आमचं गाव आलापल्लीच्या रस्त्यापासून आत, जंगलाला लागून. ल्योक बल्लारपूरला कामाला, आठवड्यानं येतो. सून मजुरीला जाते. म्हणून वैशू माझ्याच जवळ वाढली. जन्मल्यावर ती लवकर रडली नव्हती, त्याचा दोष हातापायांत राहून गेला. हात आखडतात, मान डुलते, बोलणं जड येते. डोकं साबूत आहे. पण हे तिच्या सातव्या वर्षापर्यंत कोणाला माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी रोज तिला आंघोळ घालणारी, घास भरवणारी.

पहिली भेट भांडणाची होती. मॅडम आल्या, खाटेवर न बसता खाली वैशूच्या समोर बसल्या आणि विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?"

मी सांगितलं, "वैशाली."

"किती वर्षांची आहेस?"

"सात चालू हाये," मी म्हटलं.

"आज काय जेवलीस?"

"भात-वरण खाल्लं तिनं."

मॅडमांनी मान माझ्याकडे वळवली. "आजी, तुमचंही नाव वैशालीच आहे का?"

मला इतका राग आला! माझ्या दारात येऊन मलाच टोमणा. मी म्हटलं, "मॅडम, तिले बोलता येत नाई. तुमी पाणी प्या अन् निंघा."

"पाणी पिते," मॅडम म्हणाल्या, "पण उत्तर घेऊनच निघीन." आणि बसून राहिल्या. चुलीवर चहा उकळून खाली आला तरी त्या तशाच वैशूच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या. वैशूची मान हलली, तोंड वाकडं झालं, लाळ गळाली. मी पदर घेऊन पुसायला उठले तर मॅडमांनी नुसता हात आडवा केला. आणि मग पोरगी बोलली. एकेक अक्षर दगडासारखं उचलून ठेवत बोलली. "भा-त. व-रण… ना-ई."

खरं होतं ते. त्या दिवशी वरण केलंच नव्हतं. पाहुणी समोर म्हणून मी ऐटीत सांगितलं, आणि सात वर्षं जिला मुकी समजत होते त्या पोरीनं माझी लबाडी परक्या बाईसमोर उघडी पाडली. मला लाज वाटली की आनंद झाला, ते मी इथे लिहिणार नाही. मॅडमांना चहा दिला, एवढं लिहिते.

जाताना त्यांनी मला एकच शिकवण दिली, ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळाली नसती. "आजी, तुम्ही वाईट नाही करत. तुम्ही घाईत करता. तिचं उत्तर तुमच्या तोंडात आधी तयार असते, म्हणून तिच्या तोंडात येतच नाही." तेव्हापासून आमच्या घरी कायदा झाला की वैशूला विचारलं तर वैशूच सांगेल. मी तो कायदा फार वेळा मोडला, खोटं कशाला सांगू. जीभच माझी तशी.

शाळेत नाव घातलं तेव्हा तिथल्या गुरुजींनी वैशूला दाराजवळ बसवलं. सोयीचं होतं त्यांना; रडली, लघवी झाली, की शिपायानं उचलून घरी आणून द्यायची. मॅडमांनी भांडण केलं नाही, अर्ज केला नाही, साहेबांना फोन केला नाही. त्या दिवशी दाराजवळच चटईवर वैशूच्या बाजूला मांडी घालून बसल्या. शाळा सुटेपर्यंत. गुरुजींनी फळ्यावर काय लिहिलं ते दारातून दिसत नव्हतं, तर दर थोड्या वेळानं म्हणायच्या, "गुरुजी, जरा मोठ्यानं सांगा ना, आम्हा दोघींना दिसत नाही." दोन दिवस गुरुजींनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी वैशूची जागा पहिल्या ओळीत. आज ते गुरुजी मॅडमांचं नाव घेतल्याशिवाय जेवत नाहीत, या ग्रंथात त्यांचाही लेख आहे म्हणतात. दाराची गोष्ट त्यांनी लिहिली नसेल, म्हणून मी लिहिली.

खुर्चीचंही सांगते. वैशूला धरून ठेवील अशी खुर्ची पाहिजे होती. सरकारी खुर्ची यायची तेव्हा येईल म्हणून मॅडमांनी गावच्या सुताराला सागाच्या तुकड्यांची बनवायला लावली. त्यानं बनवली ती इतकी उंच आणि नक्षीची की लगनात नवरदेव बसवावा. सुतार म्हणे, "मॅडम, पोरीले शोभा आली पाह्यजे ना." मॅडम स्वतः त्यात बसल्या, पाय लोंबकळत राहिले, आणि उतरायला सुतारालाच हात द्यावा लागला. "आता समजलं?" म्हणाल्या. "शोभा राहू द्या, पाय कापा." सुतारानं खुर्चीचे पाय कापले. ती खुर्ची वैशूनं पाच वर्षं वापरली, आणि तिला पुरेनाशी झाली तेव्हा दुसऱ्या गावच्या एका पोराला गेली.

नुसती वाहवा करायची तर समितीचा कागद काय वाईट होता? मॅडमांच्याही उण्या बाजू आहेत. वेळेवर जेवत नाहीत. स्कुटी अशी चालवतात की गावची कुत्री त्यांना ओळखून आधीच बाजूला होतात. आणि स्वतःचं दुःख सांगत नाहीत, विचारलं तर विषय बदलतात. एकदाच बोलल्या. आधी त्यांची नोकरी भामरागडकडे होती. तिथे एका बहिऱ्या पोरीला त्यांनी हाताच्या खुणांनी बोलायला शिकवलं होतं. पावसाळ्यात नदीनं वाट बंद केली, कितीतरी दिवस जाता आलं नाही. घरात कोणालाच खुणा शिकवल्या नव्हत्या. पाणी उतरल्यावर मॅडम गेल्या तर पोरगी हात मांडीवर ठेवून बसलेली, सगळ्या खुणा विसरलेली. "चूक माझी आजी," म्हणाल्या, "मी पोरीला शिकवलं, माणसांना नाही शिकवलं." म्हणून आमच्या गावात त्यांनी पोरीइतकंच आम्हालाही धरलं. मला, सुनेला, शाळेच्या शिपायाला आणि ममताला.

ममता आमच्या शेजारच्या सुशीलाची पोरगी, वैशूच्या एक वर्ग मागे. लहानपणापासून शाळा सुटली की वैशूच्या बाजूला बसते, तिचं अर्धं अक्षर ऐकून पूर्ण शब्द समजते. ही ममता दहावीच्या वेळी कामी आली.

दहावीत वैशूला पेपर लिहिता येत नव्हता, तर तिनं सांगायचं आणि लेखनिकानं लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गाचा लागतो. ममता नववीत होती, आणि वैशूचं बोलणं समजणारी तीच. दुसरी कोणी बसवली असती तर तिनं वैशूचं नसतं लिहिलं, आपल्या मनाचं लिहिलं असतं. मॅडम आदल्या वर्षीच निवृत्त झाल्या होत्या, तरी सगळे कागद त्यांनीच फिरून केले. पहिले दोन पेपर निभले. मग मोहा पडायला लागला.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर जनावरं खातात. फुलं वाळवून विकतात, तेवढ्या दिवसांच्या कमाईवर घराचं पुष्कळ काही असते. आणि मोहाला एकटीनं कोणी जात नाही, वाघ आहे. एक वेचते, एक पाहते. सुशीलासोबत पाहायला ममताच जायची. गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी सुशीला अंगणात येऊन उभी राहिली.

"मावशी, उद्या ममता नाई येत."

"काऊन वो?"

"मंग मोहाले मी एकटी जाऊ का? वाघानं नेलं तं पेपर कोण लिहून देते माह्यासाठी?"

तिचं खोटं नव्हतं. माझे गुडघे असे की मी पाहायला गेले तर वाघालाच माझी दया यावी. सून रोजंदारीवर, सोडता येत नव्हतं. पोरगी दहा वर्षं शिकली आणि मोहाच्या फुलांत पेपर बुडतो की काय, हे माझ्या डोक्यात. वैशू सगळं ऐकत होती. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मॅडम तिथेच ओसरीवर परीक्षेचे कागद लावत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुशीला, उद्या तुझ्यासोबत मी येते."

"तुमी? मॅडम, तुमाले जमन का?"

"पाहायचंच आहे ना? पाहते."

मॅडम रात्री आमच्याच घरी थांबल्या आणि पहाटेच सुशीलासोबत टोपली घेऊन निघाल्या. मी दोन्ही पोरींना घेऊन ऑटोनं परीक्षेला. मंडळी, हे ध्यानात घ्या. वैशूची परीक्षा म्हणजे मॅडमांच्या सगळ्या मेहनतीचा दिवस, आणि त्या दिवशी मॅडम केंद्रावर नव्हत्या, मोहाखाली होत्या. जाताना मला बोट दाखवून बजावलं, "आजी, केंद्रावर तुम्ही तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी."

झालंच. त्या दिवशी खोलीवर नवे सर होते. त्यांनी वैशूकडे पाहिलं, ममताकडे पाहिलं आणि दारात उभ्या मला विचारलं, "हिला काही समजते का? की ही दुसरीच सगळं लिहिणार?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. त्यात दोन शिव्याही होत्या. मी पदराचा बोळा तोंडात धरला. ममतानंही मान खाली घातली. सर थांबले, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा थांबले. वैशूची मान हलायला लागली. मला ते सगळं पहिल्या दिवशीसारखंच वाटलं, फक्त हात आडवा करायला मॅडम नव्हत्या. खोलीतली पोरं वळून पाहत होती. मग ती बोलली. "स-र. मा-झं ना-व वै-शा-ली. आ-ज ग-णि-त." दम घेतला. "घ-ड्या-ळ न-का पा-हू. म-ला ता-सा-ला वी-स मि-न्टं जा-स्त आ-हे-त."

खोली हसली. सरही हसले, कानापर्यंत लाल झाले, आणि स्वतः खुर्ची सरळ करून दिली.

परत आलो तर सुशीला ओट्यावर पोट धरून हसत होती. म्हणे, पाहायला नेलेल्या मॅडम फुलंच वेचत बसल्या. "मी म्हटलं मॅडम, खाली नका पाहू, झुडपं पाहा! तं म्हणे मले वाघ दिसला तरी ओळखू येनार नाई, चष्मा घरी हाये. मंग म्या सांगितलं, आवाज तरी करत राहा. तं पाढे म्हणून राह्यल्या वो मोठमोठ्यानं! मावशी, वाघ नाई आला, पण मले सतराचा पाढा पाठ झाला." राहिलेल्या सगळ्या पेपरांना मॅडम तशाच मोहाला गेल्या. चष्मा लावून.

वैशू पास झाली. गणितात काठावर, पण स्वतःच्या उत्तरावर. आता ती अकरावीत आहे.

मॅडमांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना भरपूर आयुष्य मिळो आणि त्यात दुखणं कमी असो. स्कुटी हळू चालवावी, सकाळचं जेवण दुपारी जेवू नये, आणि कधीतरी आपलं सुखदुःख आमच्या ओसरीवर येऊन सांगावं. तेवढं ऐकायला आता आम्हालाही शिकवलं आहे त्यांनी. आमच्याकडे जन्मलेलं प्रत्येक जड जिभेचं पोर त्यांच्यासारख्या कोणाच्या तरी समोर बसो, हेच मागणं.

समारंभाला आम्ही वैशूला आणणार आहोत. मोठे पाहुणे येतील, तिच्या डोक्यावरून हात फिरवतील आणि माझ्याकडे पाहून विचारतील, "पुढे काय करणार ही?" मला विचारू नका. मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. ममतानं सांगायचं नाही, सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माईक हिसकायचा नाही, आणि मंदा मॅडम, आज तुम्हीही नाही. उत्तर वैशाली देईल. वेळ लागते. पाहुण्यांनी बसून घ्यावं.