आखणीचा हात

यशवंतकाकांच्या खोलीत शिरणाऱ्याचा हात सवयीनं दाराशेजारच्या बटणाकडे गेला, की आतून आवाज यायचा, "पंख्याला हात लावायचा नाय!" मे महिन्यात पाहुणा घामानं निथळत असला तरी तेच. मग ते भिंगावरून डोळा उचलून "बस" म्हणत.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी प्रयोगशाळेत लागले, तेव्हा पुलापलीकडच्या अष्टमी गावात त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. माझे आईवडील वडखळजवळच्या मिठागरात राबणारे. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. काका सातवी शिकलेले, आणि त्यांच्याकडे पत्रं यायची इंग्रजीत. म्हणून आमची ओळख झाली. पत्र मी वाचायचे, उत्तर मी लिहायचे.

काम जगावेगळं होतं. कॅसेटी जाऊन सीडी आल्या होत्या, तरी काही लोक रेकॉर्डच ऐकत आणि त्यासाठी परदेशी, महागडी कार्ट्रिज वापरत. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारी बोटाच्या पेराएवढी डबी. सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो, मागे काडी, आणि काडीच्या दुसऱ्या टोकाला केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या. रेकॉर्डच्या खाचेतून सुई थरथरली की या गुंडाळ्या लोहचुंबकामध्ये हलतात आणि त्यातून आवाज उमटतो. साध्या कार्ट्रिजची सुई कुणीही बदलावी. यातली बदलता येत नाही, कारण गुंडाळ्या तिलाच चिकटलेल्या. बिघडली की डबी जपानला किंवा युरोपात बनवणाऱ्याकडे पाठवायची. तिथंही ती हातानंच करणारे चार म्हातारे. ते थकले, काहींनी दुकानं बंद केली, आणि मग कुणाकडून तरी अष्टमीचा पत्ता मिळायचा.

डबी उघडून काका आधी दोन्ही गुंडाळ्या बघत. एकीकडचा आवाज कमी येत असेल तर म्हणत, "ही तिरळी झालीय गो. डावं-उजवं एका जागी बघाय पायजे." झिजलेल्या हिऱ्यावरून ते मालकही ओळखत. "याचा टेबल कलता हाय," किंवा "हा मानूस एकच रेकॉर्ड लावतो. एकटा असनार." शेवटचं वाक्य बोलल्यावर ते भिंगाची काच पुसत.

त्यांच्याकडे पार्सलं येत, घरची माणसं येत नसत.

एकदा प्रयोगशाळेत माझं मोजमाप तिसऱ्यांदा चुकलं, साहेब सगळ्यांसमोर बोलले. संध्याकाळी मी रडवेली होऊन काकांकडे बसले. त्यांनी मला भिंगाखाली तार धरायला दिली. "श्वास अर्धा सोड. उरलेला धरून ठेव. आता हात पुढं ने. घाई हातात नसते, छातीत असते." दुसऱ्या दिवशी नळीतून थेंब सोडताना मी तेच केलं. माझी नोकरी त्या अर्ध्या श्वासावर टिकली असं मी आजही मानते.

हे कुठं शिकलात, असं विचारल्यावर ते प्रथमच पेणबद्दल बोलले. घरचा गणपतीचा कारखाना. मूर्तीचे डोळे आखायचं काम शेवटचं, आणि ते यशवंताच्या हातचं. पुढे मुंबईला ग्रामोफोनच्या दुकानात लागले, तरी श्रावणात आखणीला घरी येत. एका वर्षी एक कार्ट्रिज उघडी पडली होती, ती टाकून निघवेना. पोचले तेव्हा मूर्ती गेलेल्या. थोरल्या भावानं, नानांनी, घाईत स्वतः डोळे आखले होते. "गाडीभर गणपती तिरळे गेले गो. नाना म्हनला, आता बोलवल्याबिगर येऊ नको." तेव्हापासून श्रावणाचे शेवटचे पंधरा दिवस काका एकही काम घेत नसत. बोलावणं आलंच, तर हात मोकळा हवा.

एका श्रावणात मी गावी जाताना वडखळला उतरलेच नाही, थेट पेणला गेले. कारखान्यात नाना पाटावरच्या मूर्तीला रंग देत होते. मी कोण ते सांगितलं आणि म्हणाले, "काकांना आखणीला बोलवा ना."

"डोळे आखाय मानसं पुष्कळ हायत," ते मान वर न करता म्हणाले. मी वळले, तेव्हा मागून आवाज आला, "हात कसा हाय त्याचा?"

"चांगला आहे," मी म्हणाले आणि बस पकडली.

परतल्यावर माझ्या चपलेला लागलेली शाडू बघून काकांनी विचारलं, "पेनवरून आलीस काय गो?" नानांचं ते पहिलं वाक्य त्यांना कसं सांगणार? मी म्हणाले, "नाना भेटले नाहीत." त्यांनी पंचांग मिटून खुंटीला लावलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी काका खुर्चीतच गेले. निरोप मिळताच नाना आले. कुंडलिका नदीच्या काठी अंत्यसंस्कार उरकून परतल्यावर ते माझ्याबरोबर खोलीपाशी आले. शेजाऱ्यांनी पंखा लावून ठेवला होता. नानांनी आत पाऊल टाकायच्या आधी बटण बंद केलं.

"आखनीच्या खोलीत पंखा नसतो," ते म्हणाले. "आमच्या बापाचा नेम."

मला इतकी वर्षं वाटत होतं, तो नेम तारेसाठी होता.

नानांनी वाकून भिंगाला डोळा लावला. खाली अर्धवट गुंडाळलेली कार्ट्रिज तशीच होती. बराच वेळ ते बघत राहिले. "सरळ हाय. हात शाबूत होता त्याचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तुला इचारलेलं, हात कसा हाय म्हनून. सांगितलंस त्याला?"

मी खुंटीवरच्या पंचांगाकडे बघितलं.

"आमच्यात आखनीवाल्याला 'ये' म्हनत नाय. हात कसा हाय, येवढंच इचारून धाडतात. मंग तो येतो. मी बारा दिवस एक गनपती बिनडोळ्यांचा तसाच ठेवला होता."

मी अर्धा श्वास सोडला, उरलेला धरला.

"नाही सांगितलं," मी म्हणाले.

नाना काकांच्या खुर्चीत बसले. त्या बंद खोलीच्या उकाड्यात आम्ही दोघं तशीच बसून होतो, पण पंख्याला कुणी हात लावला नाही.