शिडीचा नाच

सुदाम गायकवाडने आयुष्यात एकच नाटुकलं लिहिलं. चाळीतल्या नळावरच्या भांडणाचं, म्हणजे घरचंच. तेव्हा तो अंबरनाथला रंगाच्या कंपनीत कामगार होता. स्नेहसंमेलनात नाटुकलं रंगलं आणि पडदा पडताच कल्चरल सेक्रेटरी दिनानाथसाहेबांनी माइकवरून जाहीर केलं, "ही कुठल्यातरी सिनेमाची नक्कल आहे." सगळी कंपनी हसली. सुदामने पुन्हा लेखणी हातात धरली नाही. साहेबांनी 'स्वतः बसवलेला' शिडीचा नाच मात्र पुढे वीस वर्षं टाळ्या घेत राहिला.

रिटायर होऊन सुदाम बदलापूरला, कात्रपमध्ये राहायला आला. एका रविवारी सकाळी नात वैष्णवी त्याला फिल्म क्लबात घेऊन गेली. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा हॉलिवूडचा नाचगाण्यांचा विनोदी सिनेमा होता. नावसुद्धा कोणी ऐकलेलं नव्हतं. सुदाम मजेत बघत होता. मग दोन रंगारी शिडीवर चढले. एकाने ब्रशने सलाम ठोकला, दुसऱ्याचा पाय बादलीत अडकला आणि बादलीसकट तो नाचायला लागला. सुदामच्या अंगाची लाही लाही झाली. पाऊल न् पाऊल साहेबांच्या नाचाचं! कंपनीच्या क्लबासाठी सिनेमाची रिळं मागवायचे तेच, आणि 'रीळ खराब निघालं' म्हणून कुणाला न दाखवता परत धाडायचेही तेच.

"हा सिनेमा परत लावायला सांग," तो वैष्णवीला म्हणाला. "चीफ गेस्ट मी आणतो."

शाल-श्रीफळ म्हटल्यावर साहेब एका फोनवर तयार झाले. सिनेमा कुठला, हे त्यांनी विचारलंही नाही. सुदामने कंपनीतल्या जुन्या माणसांना एकेकाला फोन करून बोलावलं.

प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत, मधोमध. सत्कार व्हायच्या आत उठायची सोय नाही. पडद्यावर शिडी आली तशी पॅकिंगमधली कौसाबाई ओरडली, "अगं बाई, हा तर आपल्या साहेबांचा डान्स!" हॉल खदखदून हसला. या हसण्याची सुदामने किती वर्षं वाट पाहिली होती! तरी त्याचं पोट भरेना.

सत्काराला सुदाम शाल घालत असताना दिनानाथ त्याच्या कानाशी पुटपुटले, "सुदाम, तुझं नाटक तुझंच होतं रे. मला तेव्हाच माहीत होतं. आता पुरे कर."

सुदामने शाल नीट केली, त्यांच्या हातात नारळ दिला आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"इथे बोला, साहेब."