बारा शर्टांचं गिऱ्हाईक

शिकागोत आमच्या घराजवळ एका कोरियन बाईंची लाँड्री होती. त्या रोज एक इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहून काउंटरला चिकटवत आणि गिऱ्हाइकांना अर्थ विचारत. एका शनिवारी शब्द होता ‘डिस्पॅरेज’.

“म्हणजे क्रिटिसाइजच ना?”

“नाही,” मी म्हणालो. “शर्टाच्या धुलाईला नावं ठेवली तर क्रिटिसाइज. त्या निमित्तानं तुम्हाला कमी लेखलं तर डिस्पॅरेज.”

त्यांनी ते कोरियनमध्ये लिहून घेतलं.

पुढच्या शनिवारी एका वकिलानं कॉलरवरचा डाग दाखवला. दर आठवड्याला बारा शर्ट टाकणारा माणूस. “तुम्हा लोकांना धुणंही जमत नाही, इंग्रजी तर सोडाच!”

बाईंनी इस्त्री खाली ठेवली, हात ॲप्रनला पुसले. “डाग, माझी चूक. पुन्हा धुते, फ्री. पण यू डिस्पॅरेज मी. नो. से सॉरी.”

तो सॉरी न म्हणता सगळे शर्ट घेऊन गेला.

“शब्द मी बरोबर वापरला?” त्यांनी मला विचारलं.

“अगदी बरोबर.”

“तुम्ही कधी वापरता?”

माझं इंग्रजीत एम.ए. झालं होतं. सोमवारी बॉसनं चारचौघांत नेहमीसारखं हिणवलं, तेव्हा मी तो शब्द पहिल्यांदा वापरला.