समुद्रात पडलेलं प्रसूतिगृह

कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघायचं, जिना उतरायचा, मग पुन्हा वर येऊन ओढून बघायचं, ही तिची लग्नाआधीपासूनची सवय. नवरा म्हणायचा, "काळजी करायचा पगार मिळतो तुला, घरी तरी फुकट करू नकोस." त्यात खोटं काही नव्हतं. हवामान खात्याच्या इमारतीत बसून, पुढच्या काही दशकांत कुठे किती उकडेल हे काढणं, हेच तिचं काम.

तळघरातल्या संगणकांवर एक मोठं मॉडेल चालायचं. वारे, ढग, समुद्र, बर्फ असं सगळं मांडून ते पृथ्वीचं हवामान पुढे पुढे नेत राहायचं, आणि एका उत्तराला महिने घ्यायचं. लोकांना इतका धीर कुठला? म्हणून त्याच्या जुन्या उत्तरांवर पोसून तिने एक छोटं मॉडेल वाढवलं होतं. जग सरासरी इतकं तापलं तर अमुक भाग तितका तापेल, एवढीच त्याची विद्या. पण चहा निवायच्या आत उत्तर मिळायचं. ऑफिसात सगळे त्याला 'पिल्लू' म्हणत.

नणंदेला हवं असलेलं उत्तरही पिल्लानेच दिलं होतं. नवऱ्याची ही थोरली बहीण समुद्रकाठच्या गावात प्रसूतिगृहाची मेट्रन होती. तिथे नवी इमारत व्हायची होती आणि बाळांचा वॉर्ड कुठे ठेवायचा यावर खल चालला होता. "वरच्या मजल्यावर उजेड छान येईल," नणंद म्हणाली होती, "फक्त पुढे कधी बाळं भाजून निघणार नाहीत ना, तेवढं सांग." पिल्लू म्हणालं, नाही, तिथला उन्हाळा फारसा वाढत नाही. तिने ते उत्तर मोठ्या मॉडेलशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. तिने निर्धास्तपणे कळवून टाकलं.

आज सकाळी नणंदेचा फोन आला. "काय आकडेवाली, दुपारी नकाशांवर सह्या होतायत. तुझ्या भरवशावर बाळं वर चालली हो."

"ताई, असं म्हणू नका ना."

"अगं, गंमत केली! इथे दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही आणि पहाटे शाल शोधावी लागते. पण तुझं मशीन म्हणतंय ना, मग झालं."

फोन ठेवला तरी ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. दुपारी चटका आणि पहाटे शाल. तिने मोठ्या मॉडेलमधलं त्या गावाचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान पडद्यावर काढलं. जवळजवळ सपाट रेघ आली. जमीन दिवसा तापते, रात्री निवते. अशी संथ रेघ पाण्याचीच असते.

मोठं मॉडेल जगाचे लांबरुंद चौकोन पाडतं. गाव ज्या चौकोनात होतं त्याचा बहुतेक भाग समुद्रात, म्हणून मॉडेलने सगळाच समुद्र धरला होता. बाजार, बसथांबा, प्रसूतिगृह, सगळं पाण्यात. पिल्लू तेच शिकलं. आणि तिने शिष्याचं उत्तर गुरूच्याच उत्तराशी ताडून समाधान मानलं. गावातला तापमापक काय म्हणतो, हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

ती विभागप्रमुखांकडे धावली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पिल्लाची नक्कल बिनचूक आहे ना? मग तुझी चूक कुठे?"

"सर, तिथे माणसं राहतात."

"बारीक चौकोनांवर चालवू पुन्हा. दोन महिने धर. तोवर अर्धवट काही बोलू नकोस, खात्याचं हसं होईल."

व्हरांड्यात येऊन तिने फोन लावला.

"ताई, सही करू नका. मी दिलेला आकडा समुद्राचा आहे, गावाचा नाही."

"म्हणजे इतके दिवस मी सगळ्यांना माशांचं हवामान सांगत होते?"

"हो."

"बरं. मग खरा आकडा सांग."

"नाहीये माझ्याकडे. शेजारचा चौकोन डोंगराचा, तोही चालणार नाही. वेळ लागेल."

"आणि इथे काय सांगू? भावजय चुकली म्हणून?"

"तसंच सांगा."

"मी नाही बाई. तूच सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवते फोन."

खुर्च्या सरकल्या. "मी इंजिनिअर बोलतोय," एक खरखरीत आवाज आला. "वर वॉर्ड नको म्हणताय? किती वाढेल तापमान?"

"किती ते माहीत नाही. पण पाण्यापेक्षा जमीन जास्त तापते, एवढं नक्की. बाळांना खाली ठेवा."

"कशाच्या आधारावर लिहू?"

"माझं नाव घाला. मी चुकले म्हणून लिहा."

कागदांची सळसळ झाली. नणंद म्हणाली, "वर ऑफिस न्या हो. कारकुनांना उकडलं तर ते बोंब तरी मारतील. बाळं कुणाला सांगणार?"

कुणीतरी हसलं. इंजिनिअर हसला नाही. "ठीक आहे, आज सही नाही," तो म्हणाला. "पण मॅडम, खालच्या खाडीजवळच्या शाळेचे आकडेही तुमच्याच खात्याचे होते ना? तिचं तर छत घालून झालं."

"बघते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मग जागेवर येऊन अख्ख्या किनाऱ्याचा नकाशा उघडला आणि वरच्या टोकापासून एकेक चौकोन तपासायला घेतला.