पत्र्याआड कोंडलेला हीट पंप

परवा मंगरूळपीरला तिसरी फेरी झाली. वाशिमहून एसटी, खांद्याला टूलबॅग, आणि डोक्यात एकच... आज हे मशीन काढूनच न्या म्हणतील.

तिथं मुलींचं एक वसतिगृह आहे. अंघोळीच्या पाण्यासाठी प्रोपेनवर चालणारा हीट पंप मीच बसवून दिलेला. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, गिझरपेक्षा वीज कमी, वातावरण तापवणारा जुना गॅसही नाही... मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं मी.

आणि ऐन थंडीत पाणी कोमट. मीटर मात्र पळतंय. मुली कुडकुडत अंघोळी उरकायच्या आणि साठीच्या गंगाबाई, तिथल्या स्वयंपाकीण, पहाटे उठून चुलीवर हंडे चढवायच्या.

आधीच्या फेऱ्यांत गॅसचं प्रेशर पाहिलं, सेन्सर बदलला. फरक शून्य. वीस वर्षं झाली या कामात... आता नवीन काही आपल्याला झेपत नाही, असंच वाटायला लागलं होतं.

थकून मशीनजवळच बसलो. गंगाबाईंनी चहा आणला.

"भाऊ, एक सांगू का? आधी मी सांभाराच्या जुड्या याच्यासमोर ठेवत होती. गार वारा लागे, दिवसभर कोथिंबीर ताजी राहे. पत्रे ठोकले तवापासून वाराच येत नाई. सारी थंडी आतच कोंडून राह्यली."

मी कप खाली ठेवला.

"प्रोपेन म्हणजे स्फोट" असं कुणीतरी अधीक्षक बाईंना सांगितलेलं. म्हणून त्यांनी चारी बाजूंनी पत्रे ठोकून घेतले. मशीन आपणच सोडलेली गार हवा परत ओढत होतं... तिच्यात उष्णता उरणार किती? त्या पत्र्याच्या दारातून मी तीनदा आत गेलो होतो!

पत्रे काढा म्हटल्यावर अधीक्षक बाई घाबरल्या. "पत्रे काढले अन् काई झालं तर?"

"मॅडम, गॅस गळला तर उघड्यावर विरून जातो. कोंडला तरच धोका."

पत्रे उतरवले, त्याजागी जाळी लावायला सांगितली. संध्याकाळी टाकीतल्या पाण्यात गंगाबाईंनी बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं.

"उद्या मी उजाडेपर्यंत झोपीन," म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये जागा नव्हती, पाय ठणकत होते... दोन फेऱ्यांत मी त्या माउलीला एक प्रश्न विचारला नव्हता. मशीनशेजारी रोज वावरणाऱ्या माणसाला आधी विचारावं, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही, त्यांच्याकडून कळलं. गंगाबाई, तुमचे उपकार आहेत.