आप्पांकडून आलेलं

दवाखान्याच्या बाकावर बसून माणसं रडतात म्हणे. आमच्या घरची माणसं तिथून दर वेळी एक किस्सा घेऊन येतात! आता एवढे साठलेत की सांगता सांगता चहा गार होतो. सुरुवात झाली आक्काच्या स्तनाच्या कॅन्सरपासून. आक्का माझी थोरली बहीण, वडगावात यंत्रमाग चालवते. आजारापेक्षा तिला घोर होता पल्लवीच्या लग्नाचा. लेकीला नुकती स्थळं यायला लागली होती.

पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी, मुलं किती, अंगावर किती पाजलं? आक्का उसळलीच. "विसाव्या वर्षी पल्लवी झाली. तिघांस्नी चांगलं दोन-दोन वर्सं पाजलंय. मग मला कसा झाला वो?"

"पाजलंत ते चांगलंच केलंत. पण दोष घराण्यातूनच आला असेल, तर तेवढ्यावर भागत नाही."

आक्का माझ्याकडे वळली. "बघ गं, माझं काय चुकलं न्हाय!" तेवढ्यानेच ती अर्धी बरी झाली.

मग घराण्याची चौकशी. "तुमच्या घरात आधी कुणाला?"

"कुणाला न्हाय!" आमचे वडील, आप्पा, ठणकावून म्हणाले.

आई हळूच म्हणाली, "निपाणीच्या वन्सं ह्यातच गेल्या की."

"ती दिल्या घरची! तिला आपल्यात कशाला मोजायची?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, लग्नात आडनाव बदलतं, रक्त नाही." मग आप्पांना ह्यातच गेलेली त्यांची बेळगुंदीची आत्यासुद्धा आठवली!

आक्काच्या रक्ततपासणीत जनुकातला पिढीजात दोष निघाला. तो कुठल्या बाजूचा, हे बघायला आई-आप्पांचंही रक्त घ्यायचं ठरलं. आप्पा हसले. "बायकांचं दुखणं ते. माझं रक्त कशाला?"

रिपोर्ट आला, दोष आप्पांचाच! मग एकटेच बस धरून निपाणीला गेले आणि गेलेल्या बहिणीच्या लेकींना तपासणीसाठी घेऊनच परतले. जन्मात कधी माघार न घेणारा माणूस! मला त्यांचा फार अभिमान वाटला.

एमआरआयचं मशीन खडखडायला लागलं की भलेभले घाबरतात. आमची आक्का आत घोरायला लागली! टेक्निशियनच घाबरला. "मॅडम, या हाकेला ओ देईनात!"

मी म्हटलं, "मागाच्या आवाजात झोपायची सवय आहे तिला. मशीन थांबलं की उठेल."

थांबलं, आणि आतून आक्काचा आवाज, "करंट गेला काय गं?"

पल्लवीचा रिपोर्टही तसाच आला. आजार नाही, पण दोष आहे. भावकीचा सल्ला एकच, "गप बसा, लगीन होऊ दे."

येळ्ळूरचं स्थळ बघायला आलं. पल्लवीने चहाचा ट्रे ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आक्काने तर डोळेच मिटले. कुणी कपाला हात लावेना.

आप्पा उठून उभे राहिले. "पोरीचा काय दोष न्हाय. ह्ये माझ्याकडनं आलंय. काय बोलायचं ते मला बोला."

मुलाच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मग पल्लवीला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

"माझ्या दोन्ही बहिणी अशाच गेल्या बघा. आमच्यात कुणी तोंड उघडलं न्हाय. आता मला त्या डॉक्टरबाईंकडं कोण न्हेणार? माझी सून न्हेईल की!"