तांब्याची नळी आणि जिवंत कोळंबी

माझं अक्षर कुणाला लागत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मी अंदाजानेच लिहिते. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. ही पानं कुणाच्या हाती लागली तर चुका सांभाळून घ्याव्यात. लिहिते आहे ती फक्त माझ्यासाठी. त्या बोटीवरच्या टाकीच्या वेळी मला जेवढं कुतूहल वाटलं तेवढं पुढे फार थोड्या गोष्टींचं वाटलं, म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवावं असं मनात आलं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. आम्ही बहरीनमध्ये बुसैतीनला एका म्हाताऱ्या बहरिनी माणसाच्या घरामागे दोन खोल्यांत राहत होतो. त्याची लाकडी बोट होती. बोटीच्या मालकाला तिथे नोखदा म्हणतात. आमच्या कोकणात नाखवा म्हणतात, त्यामुळे मला तो शब्द पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. तरुणपणी तो गलबतातून मुंबईला लाकूड आणायला जायचा, तिथेच हिंदी शिकला होता. आमचे हे मनामाला एका कंपनीत एसी मेकॅनिक होते. मी घरात असायची. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. नोखदा अंगणात आला की मी दाराआड व्हायची आणि तिथूनच सगळं ऐकायची.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी माहूजकडचे, मनामाकडचे हौशी लोक पैसे देऊन नोखदाच्या बोटीतून गळाने मासे गरवायला जायचे. सगळ्यांना हमूर मासा पाहिजे असायचा. हमूर मेलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही, कोळंबी गळाला वळवळली तरच येतो. नोखदा गुरुवारी संध्याकाळी उथळ पाण्यात फेकायचं जाळं टाकून कोळंबी धरायचा आणि बादलीत ठेवायचा. ऊन वर आलं की बादलीतली सगळी मरायची. शेजारच्या एका बोटीवर कोळंबी जिवंत ठेवायची टाकी आली, आणि नोखदाची गिऱ्हाइकं तिकडे जायला लागली.

एका संध्याकाळी तो ह्यांना म्हणाला, "तुम गरम घर को ठंडा करता है. मेरा रुबियान को जिंदा नहीं रख सकता?" रुबियान म्हणजे कोळंबी.

ह्यांनी म्हटलं, "रख सकता."

"तो बनाव. खर्चा तुम्हारा. टाकी चला तो हर जुम्मा चौथा हिस्सा तुम्हारा. नहीं चला तो खलास."

हे आत आले तेव्हा त्यांचा चेहरा मोठ्या सायबासारखा झाला होता. पण खर्चाला पैसे कुठले? पगार आला की गावी जायचा. मग आम्ही मुहर्रकला भाभीकडे गेलो. भाभी रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान, माझ्या माहेरच्या खाडीच्या पलीकडच्या काठावरची. तिचा नवरा एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. मुलीच्या लग्नासाठी तिने पैसे बाजूला ठेवले होते, त्यातलेच काढून तिने माझ्या हातात दिले. ह्यांच्या हातात दिले नाहीत.

"वहिनी, पुरुषांच्या हातातले पैसे बोटीत जातात नि बोट बुडते," ती हसत म्हणाली. मग हसायची थांबली. "आम्ही लग्नाला गावी निघू त्याच्या आधी परत पाहिजेत हां. सोनाराला शब्द दिलाय."

मी मान हलवली. तिच्या घरातून बाहेर पडल्यावर मला वाटलं की टाकी ह्यांची असेल, पण शब्द माझा गेला आहे.

ह्यांनी टाकी बनवली ती एसीवाल्याच्या डोक्याने. हवा न्यायच्या डक्टचा पत्रा आणला आणि चौकोनी पेटी केली. उरलेल्या पैशांत एक छोटा पंप घेतला, बॅटरीवर चालणारा. पाणी थंड राहिलं तर कोळंबी मरणार नाही असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी कंपनीतून उरलेली तांब्याची नळी वेटोळी करून बर्फाच्या डब्यात बसवायची, आणि तेच पाणी पंपाने नळीतून फिरवून परत पेटीत सोडायचं. मी भाकऱ्या टाकता टाकता बघत होते. नळी नवी होती, सोन्यासारखी झळकत होती.

"अगो, तांब्याचं पाण्यात काय होणार नाही ना?" ह्यांनी विचारलं.

तिथे नळाचं पाणी खारट. पिण्याचं पाणी डब्यातून विकत आणायचं, आणि ते मी गावाहून आणलेल्या तांब्याच्या घागरीत भरून ठेवत असे. माझ्या आईने तसंच केलं, सासूने तसंच केलं. मी म्हटलं, "तांब्यातलं पाणी आपण रोज पितो. झालं तर चांगलंच होईल."

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले. भाभीला सांगितलं तर तीही म्हणाली, "तांबा कधी वाईट नाही करत." आम्हां तिघांनाही त्यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी नोखदाने जाळं टाकलं. टाकी भरली, पंप सुरू केला, पाणी हाताला गार लागत होतं. हे रात्री खूश होऊन झोपले. पहाटे बोटीवर गेले तर निम्मी कोळंबी उलटी. उरलेली कडेला पडून पाय हलवत होती. माणसं येऊन बसली होती, बोट सुटणं भाग होतं. मला हे सगळं दुपारी कळलं, हे घरी येऊन चपला न काढताच भिंतीला टेकून बसले तेव्हा.

"एक आपलाच माणूस होता, सावंतवाडीकडचा," हे म्हणाले. "सगळ्यांसमोर विचारतो, मिस्त्री, ही कोळंबी गळाला लावायची की आमटीत टाकायची? आणि सगळे हसतायत."

"आणि नोखदा?"

"तो हसला नाही. तेच वाईट."

नोखदाने दोन शुक्रवार दिले. पुढच्या दोन शुक्रवारी कोळंबी जगली नाही तर टाकी काढून घेऊन जा म्हणाला. भाभीचा नवरा रजेसाठी अर्ज करून बसला होता. हे म्हणाले की बर्फ कमी पडला असणार, आता दुप्पट बर्फ घालतो. मला काही ते पटेना. पाणी गार होतं हे त्यांनीच सांगितलं होतं. मग मेली कशाने?

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी नोखदाच्या बायकोकडे गेले आणि खुणांनीच थोडी जिवंत कोळंबी मागितली. तिला वाटलं कालवणाला पाहिजे. ती सोलायला लागली तेव्हा मी घाईने तिचा हात धरला. एवढी हसली ती! मग पाण्यासकट दिली.

मी घरात प्लॅस्टिकचे तीन टब मांडले. तिन्हींत समुद्राचं पाणी, तिन्हींत सारखी कोळंबी. एक नुसता ठेवला. एकात डक्टच्या पत्र्याचा तुकडा टाकला. तिसऱ्यात काय टाकावं हे मला तेव्हा सुचत नव्हतं. पंपात काही दोष असेल तर तो घरी कसा आणायचा? मग नळीचा एक उरलेला तुकडा कोपऱ्यात दिसला, तोच टाकला. तांब्यावर संशय होता म्हणून नाही, हाताशी होता म्हणून.

पहिल्या खेपेला तिन्ही टबांतली मेली. खोली तापली होती, पाणी कोमट झालं होतं. मग मी परत कोळंबी मागून आणली, टब मोरीत सावलीला नेले, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि अधूनमधून मगने पाणी उचलून उंचावरून परत ओतायला लागले. तसं केलं की कोळंबीच्या मिशा हलायला लागत. मिशा कसल्या, अंगापेक्षा लांब दोरेच ते. पुढचे पाय तोंडाशी नेऊन ती ते पुसते, जेवण झाल्यावर माणूस तोंड पुसतो तशी. आयुष्यभर कोळंबी सोलली, पण ती जिवंतपणी काय करते हे कधी बघितलंच नव्हतं. मी मोरीत पाटावर बसून बघत राहिले. भात करपला.

"कोळंबीला झोपवतेस का गो?" हे दारातून म्हणाले.

"बघते."

"काय बघतेस?"

"कोण आधी मरतं ते."

 कामावर जाताना ते मोरीत डोकावून गेले.

तांब्याच्या टबातली आधी मेली. पत्र्याच्या टबातली मागाहून, एकेक करत. नुसत्या टबातली जगली. माझा विश्वास बसेना. मी टब अदलाबदली करून परत सगळं केलं. परत तांब्याचीच आधी. ह्यांना दाखवलं तर ते पाणी हुंगत बसले, बोट बुडवून चाखलंसुद्धा. "चवीला तर काही नाही," म्हणाले.

संध्याकाळी नोखदा अंगणात आला तेव्हा ह्यांनी त्याला मोरीत बोलावलं. मी दाराआड जायला वळले, पण मोरी केवढी, जाणार कुठे? पदर ओढून भिंतीला चिकटून उभी राहिले. त्याने तिन्ही टब बघितले.

"ये कौन किया?"

ह्यांनी माझ्याकडे हात केला. मी जमिनीकडे बघत होते. नोखदाने तांब्याचा तुकडा पाण्यातून उचलला आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! तुम टाकी में ये डाला? तांबा?"

"क्यूं?" हे म्हणाले.

"अरे, हम बोट के नीचे कौन सा रंग लगाता? तांबा वाला रंग! कीडा मर जाता, शिंपला मर जाता, कुछ नहीं चिपकता. पुराने टाइम में बड़ा जहाज के नीचे पूरा तांबे का पत्रा ठोकता था. तुम मेरा रुबियान को वही पिलाया!"

"हम लोग घर में तांबे का पानी पीता है," हे म्हणाले.

नोखदाने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मोरीच्या तोंडाशी ठेवलेल्या घागरीकडे. आणि असा हसला की शेजारची बाई गच्चीवरून वाकून बघायला लागली. मलाही हसू आलं, मी पदर तोंडात धरला. हे मात्र गंभीर. "नोखदाने ते बर्फाच्या डब्यातलं वेटोळं बघितलंच नव्हतं," ते मला रात्री म्हणाले, "मीच झाकण लावून ठेवलं होतं. बर्फ वितळू नये म्हणून."

मी त्या घागरीविषयी खूप दिवस विचार करत होते. पाण्यातले बारीक जीव तांब्याने मरतात म्हणूनच ते पाणी आपल्याला चांगलं असेल. आणि कोळंबी म्हणजे पाण्यातला जीवच. आईला हे विचारायचं होतं, पण पत्रात कसं लिहायचं ते कळेना.

पत्रा आणि नळी दोन्ही गेली. ह्यांनी जिदहफ्सच्या बाजारातून निळा प्लॅस्टिकचा पिंप आणला आणि वरून कापला. गोल पिंपात कोळंबी कोपऱ्यात दाटत नाही, हे नोखदाने सांगितलं. नळ्या सगळ्या रबराच्या. तेच तेच पाणी फिरवायचं सोडून दिलं. पंपाने बोटीच्या बाजूने ताजं पाणी ओढायचं, इंजिनाच्या धुरापासून लांबून, ते उंचावरून पिंपात पडू द्यायचं, आणि वरच्या कडेच्या भोकातून जास्तीचं पाणी परत समुद्रात जायचं. उंचावरून पाडायचं हे माझ्या मगमुळे सुचलं असं हे म्हणाले. बोट बंदरात उभी असली की पाणी तापे, म्हणून मी सरबताच्या बाटल्यांत पाणी भरून गोठवत असे, बुचं घट्ट लावून. बर्फ नुसता टाकला तर वितळून गोडं पाणी होतं, ते कोळंबीला सोसत नाही. बाटल्या पिंपात तरंगत राहायच्या.

नोखदाने दिलेल्या दोनांतल्या पहिल्या शुक्रवारी थोडी मेली. आम्ही फार भरली होती. पुढच्या वेळी निम्मीच भरली. त्या शुक्रवारी हे घरी आले ते अंगणातूनच ओरडत. "दुपारच्याला सुद्धा उड्या मारत होती! झाकण काढलं तर एक माझ्या शर्टात गेली!"

"आणि तो सावंतवाडीकडचा?"

"त्याला मिळाला सगळ्यांत मोठा हमूर. आता म्हणतो, मिस्त्री, पुढच्या शुक्रवारची माझी जागा धरून ठेवा."

एकदा मधल्या वारी नोखदाच्या बायकोबरोबर मी बोटीवर गेले. पिंपाचं झाकण उचलून आत बघितलं. पाणी वरून पडत होतं, खाली कोळंबी फिरत होती, मिशा सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. पाणी ज्या बाजूने गोल फिरत येई तिकडे पाठ करून ती का चालत नाही, तोंड करूनच का उभी राहते, हे मी नोखदाच्या बायकोला विचारलं. मराठीत विचारलं. तिने अरबीत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. आम्ही दोघी माना हलवत राहिलो.

दर शुक्रवारचा हिस्सा हे माझ्याकडे देत आणि मी तो भाभीकडे नेऊन देत असे. कधी थोडा, वारा असला आणि बोट सुटली नाही तर काहीच नाही. अशा वेळी मी रिकाम्या हातानेच जाऊन तसं सांगून येत असे, न जाण्यापेक्षा ते बरं. भाभी चहा करते म्हणायची, मी पैसे फिटेपर्यंत नको म्हणायची, आणि ती विचारायची, "काय म्हणते तुमची कोळंबी?"

त्यांची तिकिटं आली. निघायला थोडेच दिवस उरले होते आणि अजून एका शुक्रवारचे पैसे बाकी होते. त्या गुरुवारी वारा होता. मी रात्रभर खिडकीची झडप आदळताना ऐकत होते. सकाळी वारा पडला. बोट सुटली.

संध्याकाळी हे आणि मी दोघं मुहर्रकला गेलो. भाभीच्या घरात बॅगा उघड्या पडल्या होत्या, कपड्यांचे ढीग होते. मी पैसे तिच्या हातात ठेवले. तिने मोजले, मग परत मोजले, आणि म्हणाली, "खलास, वहिनी. पुरे झाले सगळे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. भाभीने चहा विचारला, आणि या वेळी मी नको म्हटलं नाही.